भागतंय का?

येळवसेचं, म्हणजे वेळा अमावस्येला रानात बसून केलेलं जेवण अंगावर येतं. सगळ्या भाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, वरून गव्हाची खीर. मोठी माय, म्हणजे माझी थोरली काकू, वाढायला लागली की थांबत नाही. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून भज्जी सोडते आणि म्हणते, "रानात कुणी बास म्हणतंय व्हय?" तसं जेवून मी कडब्याच्या कोपीला पाठ लावून बसले होते. समोर पोटऱ्यात आलेली ज्वारी, तिच्या पलीकडे हरभरा, आणि त्याही पलीकडे महामार्गावरच्या ट्रकांचा न थांबणारा आवाज. लेक चुलत भावंडांबरोबर बोरीखाली होती. नवरा फोन हातात धरून बांधाबांधानं हिंडत होता. माझे चुलते, आप्पा, आले, टोपी काढून गुडघ्यावर अडकवली, चंची सोडली. तंबाखूला चुना लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "भागतंय का गं माय तुमचं?"

मला हसू आलं. चार एकर कोरडवाहू रान कसणारा, त्र्याहत्तरीचा माणूस मला विचारतोय. मला, जिच्या घरात दोन पगार येतात. "भागतंय की आप्पा," मी म्हणाले. "न्हाई, इचारलं आपलं," ते म्हणाले, आणि तळहातावर थाप मारून त्यांनी तंबाखूची धूळ उडवली.

एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी परतताना बार्शी ओलांडली तेव्हा दिवेलागण झाली होती. डिकीत ज्वारीची दोन पोती, त्यामुळे गाडी मागून बसलेली, प्रत्येक गतिरोधकाला खालून घासत होती. टेंभुर्णीला चहाला थांबलो. फोन वाजला, घराच्या हप्त्याची आठवण देणारा मेसेज. दर महिन्याला येतो, मी न वाचताच पुसते. त्या दिवशी वाचला. गरम कप हातात, डासांची ट्यूबलाइट डोक्यावर, आणि आप्पांचा प्रश्न नखात कुसळ शिरावं तसा बोटाला टोचायला लागला. मी "भागतंय की" म्हणाले होते ते खरं होतं का? खोटंही नव्हतं. दिवाळीत सोफा बदलला, तो हप्त्यावर. लेकीच्या शाळेची फी दोन तुकड्यांत भरली. महिन्याच्या वीस तारखेनंतर आम्ही दोघंही एकमेकांना "कार्डावर घे" असं म्हणतो आणि त्याला काटकसर समजतो. आप्पांना यातलं काही माहीत नाही. मग त्यांनी विचारलं का?

हा शब्दच मोठा लबाड आहे. साखर पुरते, तेल पुरतं, दोरी पुरते. पण भागतं ते माणसाचं. पुरण्याला माप असतं, भागण्याला नसतं. एकाच पगारात एकाचं भागतं, दुसऱ्याचं भागत नाही, आणि तिसरा भागवतो. त्यातला भागवणारा माणूस मला लहानपणापासून चांगला ओळखीचा. माझी आई महिनाअखेरीला डब्याच्या तळाशी उरलेली डाळ बघून "भागवते मी" म्हणायची, तेव्हा त्या दोन शब्दांत थोडा अभिमान असायचा आणि थोडी धमकी. तहान भागते ती याच शब्दानं, आणि दिवसभर राबून माणूस थकतो-भागतो तेही याच शब्दानं. एकीकडे शांत होणं, दुसरीकडे गळून जाणं. शाळेत बाबांनी भागाकार शिकवला तेव्हा बाकी उरली की मला वाईट वाटायचं. आपलं काहीतरी चुकलं असं वाटायचं. बाबा म्हणायचे, बाकी उरली तर उरू दे, ती बाजूला लिही.

तहान भागण्यावरून 2016 आठवतं. तेव्हा आई लातूरला एकटी होती. मांजरा धरण आटलेलं, नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, टँकरच्या रांगेत घागरींचे नंबर लागलेले. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, आणि सगळ्या देशाच्या टीव्हीवर आमचं लातूर झळकलं. मी पुण्याहून चार दिवसांसाठी गेले ते वीस लिटरचे सहा जार गाडीत घालून, फार मोठं काम केल्याच्या थाटात. आईनं ते जार पलंगाखाली सरकवले आणि तिथेच ठेवले. तिची तिची व्यवस्था होती. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला, भाजी धुतलेलं भांड्यांना पहिला हात द्यायला, भांड्यांचं कुंडीतल्या तुळशीला. आंघोळ परातीत बसून, परातीतलं पाणी संडासात. मी पहिल्या दिवशी तिला शॉवर नसल्याची चेष्टा ऐकवली, दुसऱ्या दिवशी तांब्यानं मोजून पाणी घेतलं, तिसऱ्या दिवशी मला त्या मोजण्यात मजा यायला लागली. रात्री गच्चीवर पडल्यावर वाटलं, अरे, लागतंच किती? मग पुण्याला परत आले, नळ सोडला, आणि दात घासून होईपर्यंत तो वाहत ठेवला. हे मी कौतुकानं सांगत नाही. चार दिवसांची शहाणी होणं सोपं असतं. पाण्यावाचून राहणाऱ्या माणसाला त्यात मजा वाटत नसते, हेही आईनंच नंतर एकदा सुनावलं. तिची पाठ त्या उन्हाळ्यात जी धरली ती अजून सुटलेली नाही.

आप्पा पुण्याला एकदाच आले, बाबा गेल्यानंतरच्या वर्षी. दारातच थांबले. चपलांच्या रॅककडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पाव्हणे आलेत का?" मी म्हणाले, कुणी नाही. त्यांनी पुन्हा चपलांकडे बघितलं. मग हळूच, "एवढे पाय कुणाचे मग?" आम्ही हा विनोद पुढे कितीतरी घरांत सांगितला. रात्री त्यांना एसीच्या खोलीत झोपवलं; पहाटे उठून बघते तर आप्पा गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या खाली, उशाला स्वतःची पिशवी घेऊन झोपलेले. मला राग आला. आपण चांगलं करायला जावं आणि माणसानं असं वागावं, लोक काय म्हणतील. नवऱ्याला मात्र आप्पा फारच आवडले. "हे खरे सुखी लोक," तो ऑफिसात सांगत सुटला, "यांना काही लागतच नाही."

लागत नाही हे खरं आहे. का लागत नाही, ते त्याला माहीत नव्हतं.

30 सप्टेंबर 1993 ला मी नऊ वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती बुडवून आम्ही लातुरात दमून झोपलो होतो. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना भूकंप झाला, भांडी फडताळातून खाली आली ती मला आठवतात. बाकीचं लोकांकडून ऐकून ऐकून आठवणीत जाऊन बसलेलं आहे. उजाडल्यावर बाबा मिळेल त्या वाहनानं गावाकडे गेले. आमचं गाव औसा तालुक्यातलंच, पण किल्लारीपासून अंतर राखून. ज्या 52 गावांचं पुढे पुनर्वसन झालं त्यांत ते नव्हतं. तरी माळवदं बसली. हात-दीड हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकूड आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर, दर पावसाळ्याआधी नवा. उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार, अशी त्या घराची आजोबांना केवढी मिजास होती. तेच वजन माणसांच्या अंगावर आलं. आमच्या घरातली माणसं वाचली, कारण सगळी अंगणात झोपली होती. गोठ्याची भिंत बैलावर पडली. आप्पांनी तो हातानं उकरून काढला, पण तो वाचला नाही. पुढे वर्षभर ते पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, मग कमरेएवढ्या विटांच्या भिंती आणि वर पत्रा असं घर बांधलं. आज चुलतभाऊ दर दिवाळीला स्लॅब टाकू म्हणतो, आप्पा दर दिवाळीला नाही म्हणतात. "डोक्यावर जड नगं." पाऊस नसेल त्या रात्री त्यांची बाज अंगणात असते. गॅलरीत ते का झोपले होते हे मला इतक्या उशिरा सुचलं की त्यांच्याशी ते बोलायची आता लाज वाटते.

साधं राहणं वगैरे आपण वरून चिकटवतो. खाली बघावं तर एखाद्या भिंतीची माती असते.

त्यांची एक खुंटी आहे. दाराच्या आत, डाव्या हाताला, सागाची, वापरून वापरून काचेसारखी गुळगुळीत झालेली. तिच्यावर टोपी, काळी छत्री, चष्म्याची दोरी आणि एक खाकी पिशवी. पिशवीत सातबारा, बँकेचं पासबुक, रेशन कार्ड, बीपीच्या गोळ्या आणि प्लास्टिकच्या पुडीत मूठभर बियाणं. काय बियाणं, मी कधी विचारलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात आप्पा विशीत होते. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायचे आणि संध्याकाळी सुकडी किंवा मिलोची भाकरी. ती परदेशातून आलेली तांबडी ज्वारी गिळताना घशाला टोचायची असं ते सांगतात. नंतर आयुष्यभर त्यांनी एक केलं: काहीही पेरलं, सोयाबीन पेरलं, तूर पेरली, उडीद केला, तरी रब्बीला मालदांडी सोडली नाही. खायची ज्वारी घरची असली पाहिजे. चारातले दोन एकर आमच्या वाटणीचे. ते बटईनं आप्पाच कसतात. निम्मं त्यांचं, निम्मं आमचं. याचा कागद कुठेही नाही. बाबा गेल्यावरही दर वर्षी आमची पोती वेगळी शिवून, त्यावर निळीनं बाबांचं नाव घालून ठेवलेली असतात. आम्ही येऊ तेव्हा नेतो. एका वर्षी आलोच नाही, तर पुढच्या वर्षी दोन वर्षांची पोती भिंतीला लावून उभी होती, कडुनिंबाचा पाला घातलेली.

त्या ज्वारीच्या भाकरीची चव पुण्यात येत नाही, असं मी दर वेळी म्हणते आणि दर वेळी मोठी माय म्हणते, "पीठ तेच हाय, हात न्हाई." तिची काटवट बाभळीची, मधोमध झिजून पातळ झालेली, उजेडाला धरली तर पलीकडचं दिसेल की काय असं वाटावं. पीठ घेते ते मुठीनं. गरम पाणी, मग तळहाताच्या गादीनं मळणं, इतकं की पीठ चिकट न होता ओलसर चमकायला लागतं. गोळा थापायला घेतला की आवाज आधी जाड येतो, मग भाकरी पसरत जाते तसा पातळ होत जातो, आणि एका ठरावीक पातळपणाला ती थांबते. बघून थांबत नाही, ऐकून थांबते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. ते पाणी सुकता सुकता उलथायची. आधी नाही, नंतर नाही. मग तवा उतरवून जाळाला उभी करायची आणि ती टम्म फुगते. शेजारी गॅस आहे, त्यावर चहा होतो. भाकरी चुलीवर. मी मोबाइल काढून याचा व्हिडिओ केला, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, बदाम आले, "खरं सुख" असं कुणीतरी लिहिलं. व्हिडिओत शेवट मी कापला होता. शेवटी मोठी माय पाटावरून उठते. आधी डावा हात जमिनीला, मग उजवा हात भिंतीला, मग "आई आई आई" म्हणत गुडघा सरळ. तीन टप्पे. लातूरच्या डॉक्टरनं दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगून तीन वर्षं झाली. "आता किती दिस ऱ्हायलेत," ती म्हणते. ते काही समाधान नव्हे. खर्च ऐकल्यावर आलेलं बोलणं आहे ते. पण दोन्हींचा सूर इतका सारखा लागतो की बाहेरच्याला फरक कळू नये. मलाही बऱ्याचदा कळत नाही, आणि कळून घ्यायची मी फार घाईही करत नाही.

धाकटा चुलतभाऊ मात्र कळवून देतो. चौतिशीचा आहे, बीए झालाय, लग्न जमत नाही. मुलगा देखणा, निर्व्यसनी, रान आहे, तरी मुलीकडचे पहिला प्रश्न नोकरीचा विचारतात. शिपाई चालेल, शेतकरी नको. येळवसेला दुपारी मी कोपीसमोर उभी राहून, हात पसरून, "किती निवांत आहे रे इथं" असं काहीतरी बोलले. तो पाठीमागं गवऱ्या रचत होता. "आक्का, तुला दोन दिस निवांत वाटतंय. तिसऱ्या दिशी लाइट गेल्यावर फोन चार्ज हुईना की गाडी काढतीस." मग त्यानं मला ओढ्याच्या कडेला नेलं. सप्टेंबरच्या पावसात ओढा रानात शिरला होता, काळी माती खरवडून नेली होती, आणि खालचा पांढरा मुरूम उघडा पडला होता. जमिनीची जखम म्हणावी तसा. तिथे पीक यायला किती वर्षं लागतील, त्यानं आकडा सांगितला नाही, नुसता चपलेनं मुरूम उकरला. जे सोयाबीन हाती लागलं त्याचा 2025-26 चा हमीभाव 5328 रुपये क्विंटल होता. ते भिजलेलं, डागी, अडतीवर त्याला चार हजारांच्या आगेमागे. "तुमच्या पुण्यात ज्वारीला काय म्हणतेत आता? सुपरफूड? पाकीट कितीला?" मी आकडा सांगितला. तो हसला नाही. "आमच्यापस्तोर त्यातलं यीना," एवढंच म्हणाला. त्याच्या वर्गातल्या एकाच्या वडिलांनी मागच्या वर्षी रानातच जीव दिला. हे त्यानं ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात पुढे विचारलं, आंबील अजून घेणार का म्हणून.

आंबील घेतली. आंबट, लसणाची, मातीच्या बिंदग्यातली, गार. वर कोथिंबीर. आणि खरं सांगते, त्या मुरमाकडे बघून आल्यावरही ती इतकी छान लागली की मला स्वतःचंच जरा वाईट वाटलं. पुण्यात येळवस कुणाला सांगायला गेलं की नुसतं "हुरडा पार्टी का?" असं विचारतात. कसं सांगायचं की या एका दिवशी लातूर शहर ओस पडतं, दुकानांची शटरं खाली, सरकारी कचेऱ्यांना स्थानिक सुट्टी, आणि ज्याचं रान नाही तोही कुणाच्या तरी रानात जेवायला असतो. रस्त्यानं चाललेल्या अनोळखी माणसाला हाक मारून बसवतात. आमच्याकडे त्या दिवशी एक ट्रकवाला जेवला, पंजाबकडचा. त्याला उंडा म्हणजे काय ते कुणालाच हिंदीतून सांगता येईना. शेवटी आप्पांनी त्याच्या हातावरच ठेवला. जाताना तो कोपीतल्या चुना लावलेल्या पाच दगडांना हात जोडून गेला. पांडव आहेत हे त्याला कुणी सांगितलं होतं की नाही, ठाऊक नाही.

पुण्याला येऊन आठवडा झाला तरी प्रश्न बोटातून निघेना. पोती पोचली का म्हणून चुलतभावाचा फोन आला. बोलता बोलता मी म्हणाले, "आप्पांनी मला विचारलं, भागतंय का म्हणून. गंमत वाटली मला." तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "आक्का, तुला खरंच कळलं न्हाई? दाजी सकाळपासनं मोबाइलवर रान मोजलाले होते की. चारी बांधांवरून चालत. आप्पा कोपीतून बगलाले होते."

मला कळलं नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल. महामार्ग झाल्यापासून त्या पट्ट्यात प्लॉटिंगवाले हिंडतात. दोन महिन्यांपूर्वी रात्री, सोफ्याचा पहिला हप्ता गेल्यावर, नवरा सहज म्हणाला होता, आपले दोन एकर काढले तर घराचं कर्ज एका दमात फिटेल. मी नको म्हणाले नव्हते. "जाऊ तेव्हा बघू" म्हणाले होते. आईला विचारलं तर तिनं लसूण सोलता सोलता, मान वर न करता, "तुमचं तुम्ही बघा, सही लागंल तिथं मी करते" असं सांगून टाकलं, आणि त्या रात्री जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली. म्हणजे आप्पा मला माझ्या पगाराबद्दल विचारत नव्हतेच. रान विकू नका, असं ते म्हणाले नाहीत. माझं काय, माझ्या पोरांचं काय, असंही नाही. त्यांनी फक्त विचारलं, भागतंय का. नसेल भागत तर विका, हा त्याचा उरलेला अर्धा भाग त्यांनी तंबाखूबरोबर गालात ठेवला. आणि मी हसून म्हणाले, भागतंय की.

त्या संध्याकाळचं मग सगळं नव्यानं आठवायला लागलं. दिवस मावळायला दूध उतू घालायचं असतं. कोपीपुढं गवऱ्यांचा जाळ, त्यावर नवं बोळकं, त्यात घरच्या गाईचं दूध. उतू जाईल त्या बाजूला औंदा पीक चांगलं, असं मानतात. पोरांची गर्दी, प्रत्येकाची पैज. आप्पा वाकून बोळकं मांडत होते. जाळ लावण्याआधी त्यांनी इकडंतिकडं बघून एक चपटी खापरी उचलली आणि बोळक्याच्या एका अंगाला, खाली, सरकवली. बोळकं डुगडुगत असेल, असं मला वाटलं. धूर डोळ्यांत जात होता. लेक माझ्या ओढणीत तोंड खुपसून, एका डोळ्यानं बघत होती. दुधावर आधी साय सुरकुतली, मग कडेला बारीक बुडबुडे, मग एकदम फुगून ते काठावर आलं, क्षणभर थांबलं, आणि एका बाजूनं सळसळत निखाऱ्यांवर सांडलं. चर्र आवाज, करपल्या दुधाचा तो गोड-कडवट वास. पोरं ओरडली, "ओलगे ओलगे, सालम पलगे!" या शब्दांचा अर्थ माझ्या आजोबांनाही सांगता यायचा नाही. चुलतभाऊ म्हणाला, ओढ्याकडं गेलं. मोठी माय म्हणाली, कशाचं ओढ्याकडं, उगवतीला गेलं. सगळे भांडायला लागले. आप्पा गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उभे राहिले, टोपी नीट केली, आणि महामार्गाकडच्या अंगाला, जिथे आमच्या वाटणीचे दोन एकर सुरू होतात तिकडे, हनुवटीनं दाखवत लेकीला म्हणाले, "तुमच्या रानाकडं गेलं बग दूध औंदा."

तिनं विचारलं, "म्हणजे काय होणार?"

"पोती न्यायला यावं लागंल," आप्पा म्हणाले, आणि काठीनं निखारे सारखे करू लागले.